माद्रिद की व्हिएन्ना? नुसतं टेंपरेचर बघून ठरवू नका

स्पेन म्हणजे गरम आणि ऑस्ट्रिया म्हणजे बर्फ, एवढ्यावर राहायला माद्रिद घ्यायचं की व्हिएन्ना हे ठरवणार असाल तर जरा थांबा. समुद्र दोन्हीकडे लांबच, पण बाकी साम्य शोधत बसू नका.

माद्रिद पठारावर आहे, साधारण ६५० मीटर, म्हणजे पुण्यापेक्षा थोडं वरच. उत्तरेला ग्वादारामाचे डोंगर, त्यातलं सगळ्यात उंच पेन्यालारा २४२८ मीटर, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ बघायला फार लांब जावं लागत नाही. शहरात मात्र बर्फ क्वचितच, जानेवारी २०२१ मध्ये फिलोमेना वादळात पडला तेव्हा सगळंच ठप्प झालं होतं. पाऊस वर्षाला ४०० मिमीच्या आसपास, उन्हाळ्यात तर जवळपास नाहीच, आणि जुलैत दुपारी बऱ्याचदा ३५ च्या वर पारा. नागपूर-अकोलावाल्यांना हे कोरडं ऊन ओळखीचं वाटेल, मुंबईकरांना चिकचिक नाही म्हणून उलट बरंच वाटेल. दुपारी खिडक्यांची शटर्स खाली ओढून अंधारात बसायचं, तिथले लोकही तेच करतात. 'नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक' ही त्यांचीच म्हण आहे, वाढवून सांगितलीये पण अगदीच खोटी नाही.

व्हिएन्ना सखल, डॅन्यूबच्या काठी, पश्चिमेला व्हिएन्ना वुड्सचं जंगल म्हणजे आल्प्सचं शेपूट, आणि पूर्वेकडे सपाट मैदान सुरू. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या जरा वर, ते जॅकेटने निभतं हो, पण थंड हवा खाली साचून वर ढगांचं झाकण बसतं, दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही आणि डिसेंबरात चारला अंधार. इथेच आपले लोक खचतात. माद्रिदमध्ये तेव्हा पावणेसहापर्यंत उजेड असतो, कारण शहर ग्रिनिचच्याही पश्चिमेला असून घड्याळ मध्य युरोपचं लावलंय (सकाळी साडेआठपर्यंत अंधार, ही त्याची किंमत). उन्हाळा मात्र व्हिएन्नाचाच भारी, हिरवंगार, २१ किमी लांबीच्या डॅन्यूब बेटावर पोहा, सायकल चालवा. फक्त उष्णतेच्या लाटेत हाल होतात, जुन्या घरांत एसी नसतो.

मी उजेडावर जगणारा माणूस, मी माद्रिदच घेईन. ज्यांना उकाडा अजिबात सोसत नाही त्यांनी खुशाल व्हिएन्नाला जावं, पण छत्रीच्या भरवशावर राहू नका, तिथला वारा ती उलटी करतो, हूड असलेलं जॅकेट घ्या.