एकलवादन की साथसंगत? बासरीवादकाची पहिली काही वर्षं

पुण्यात विशीतल्या बासरीवादकाला पहिली विचारणा बहुधा साथीचीच येते. भावगीतांचा कार्यक्रम, कथकचं सादरीकरण, कुणाचं तरी रेकॉर्डिंग. बिदागी लवकर सुरू होते, ओळखी वाढतात. त्यासाठी पिशवीत जवळपास प्रत्येक पट्टीची बासरी लागते आणि दोन ओळींमधली जागा चार मात्रांत भरायची तयारीही. डिसेंबरच्या रात्री उघड्या मंचावर बासरीचा सूर खाली उतरतो, तेव्हा फुंकून गरम ठेवायची सवय इथेच लागते.

एकलवादनात पैसा उशिरा येतो. घरगुती बैठकीत रिक्षाचे पैसे सुटले तरी पुष्कळ. पण पांढरी तीनच्या (हार्मोनियमवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) लांब बासरीवर तासभर यमन राग मांडताना श्वास कुठे घ्यायचा, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, कुठवर न्यायची, शांतता किती ठेवायची हे उमगतं. पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफलीत आणली ती या विस्तारासाठीच. आकाशवाणी कलाकार निवडण्यासाठी शास्त्रीय वादनाची जी श्रवणचाचणी घेते, तिच्यातही रागच मांडावा लागतो.

मला काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. रोज तुकडे वाजवणाऱ्याला हळूहळू तुकड्यांतच सुचू लागतं. हरिप्रसाद चौरसियांनी सिनेसंगीतात भरपूर वाजवलं, पण नाव झाल्यावरही ते सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. म्हणून साथ जरूर करावी, घरभाडं त्यातूनच निघतं. मात्र सकाळचे दोन तास एकाच रागाला द्यावेत, आणि आदल्या रात्री कार्यक्रम उशिरा संपला तरी ते सोडू नयेत.