१२० बोर्डांचे पैसे दिले, लागले ४०: सेलच्या जाहिरातीत मी कशी फसले

सेलचा चौथा दिवस होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि एका चौकाजवळ आमचा बोर्ड चिखलात पालथा पडलेला दिसला. उचलून पुसायला घेतला तर दुकानाच्या नावाचा कोपराच बोटाला लागून वर आला. ती छपाई नव्हतीच, वरून चिकटवलेला स्टिकर होता. ओढला तसा तो सालीसारखा सुटत गेला आणि खालून दुसऱ्याच कुणाच्या तरी सेलची अक्षरं दिसू लागली. तारखा कधीच्या उलटून गेलेल्या. म्हणजे नव्या बोर्डाचे पैसे घेऊन मला कुणाचा तरी टाकून दिलेला बोर्ड विकला होता. तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

या गोष्टीला आता सहा महिने होऊन गेले. पुढच्या हंगामाच्या सेलची तयारी करणारे माझ्यासारखे अनेक छोटे दुकानदार असतील आणि त्यांनाही असेच फोन येतील, म्हणून काहीही हातचं न राखता सगळं लिहितेय.

आमचं दुकान चादरी, पडदे, ब्लँकेटं असल्या घरगुती कापडाचं आहे. हंगाम संपला की उरलेला माल काढायला आम्ही १० दिवसांचा सेल लावतो. मोठं होर्डिंग आम्हाला परवडत नाही. त्यापेक्षा जमिनीत रोवायचे छोटे बोर्ड बरे पडतात: साधारण १८ बाय २४ इंचांचे, पुठ्ठ्याच्या खोक्यासारख्या आतून पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिकचे, खाली एच आकाराचं तारेचं स्टँड. स्टँडची दोन टोकं बोर्डाच्या नळ्यांत घुसतात, उरलेली दोन जमिनीत. आसपासच्या वस्तीतल्या लोकांना सेलची आठवण करून द्यायला याहून सोपं साधन नाही, असं मला आजही वाटतं. दोष बोर्डांचा नव्हता.

ज्या कंत्राटदाराने हे १२० बोर्ड छापून लावायचं काम घेतलं तो बोलायला अतिशय गोड होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, सेल कधीपासून आहे?" मला वाटलं, काय व्यवस्थित माणूस आहे, आधी तारीख विचारतोय. आज कळतंय की त्याला लागणारी माहिती तेवढीच होती. दुकानाची नेहमीची पाटी चुकली तर ती परत करता येते, भांडता येतं, पंधरा दिवस थांबता येतं. सेलचं तसं नसतं. तारीख निघून गेली की त्या बोर्डाची किंमत शून्य. तो मुद्दाम उशीर करत गेला, आणि दिवस जसे कमी होत गेले तशी मी कशालाही हो म्हणत गेले. ठरलं होतं सेलच्या आठ दिवस आधी बोर्ड लावायचं. आज मशीन बंद, उद्या कारागीर आला नाही, परवा तारेचा माल अडकला. बोर्ड दुकानात आणून मोजून दाखवायचे हेही ठरलं होतं. शेवटच्या दोन दिवसांत तो म्हणाला, "ताई, आता दुकानात आणून मोजत बसलो तर लावायचे कधी? थेट जागेवरच नेतो, फोटो पाठवतो." माझ्या डोक्यावर सेल होता. मी हो म्हटलं. मी फसले ती या एका हो मुळे.

त्याआधी ७० टक्के रक्कम आगाऊ दिली होती. त्याच्या अंदाजपत्रकात छपाई, स्टँड, लावण्याची मजुरी आणि 'परवानगी शुल्क' असे वेगवेगळे आकडे होते. वेगवेगळे आकडे दिसले की हिशोब चोख वाटतो. नमुना म्हणून त्याने एक बोर्ड दाखवला. चांगला ४ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी थेट छापलेला, स्टँडही दणकट. मी हात लावून पाहिला, वाकवून पाहिला आणि त्याला परत दिला. तो नमुना मी सही करून दुकानात ठेवून घ्यायला हवा होता. नंतर वाद झाला तेव्हा "असाच ठरला होता" हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

स्टँडच्या बाबतीत तर त्याने माझ्या अज्ञानाचा सरळ फायदा घेतला. म्हणाला, "बाकीचे ९ गेजची तार देतात, मी तुम्हाला १२ गेजची देतोय, त्याच भावात." मी त्याचे आभार मानले. तारेच्या गेजचा हिशोब उलटा असतो. आकडा वाढला की तार बारीक होते. ९ गेजची तार साडेतीन मिलिमीटरहून थोडी जाड भरते, १२ गेजची अडीचच्या थोडी वर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे ती बारीक तार वाकवायला जेमतेम पाव जोर पुरतो. पहिल्या वाऱ्यात बोर्ड का आडवे झाले, याचं उत्तर हे आहे. काही बोर्डांत तर नळ्या आडव्या होत्या, म्हणजे स्टँड खालून आत जाणंच शक्य नव्हतं. तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी स्टँड कसंबसं बांधलं होतं.

सेलच्या आदल्या संध्याकाळी फोटो आले. ११८ फोटो, प्रत्येकावर वेळ आणि ठिकाण छापलेलं. "दोन फोटो नीट आले नाहीत ताई, पण बोर्ड लावलेत." दुकानात सामान लावायची गडबड चालली होती. मी भराभर बोट सरकवत पंचवीस-तीस फोटो पाहिले. ओळखीचे रस्ते होते, बोर्ड स्पष्ट दिसत होता. उरलेले ३० टक्के मी त्याच रात्री पाठवले.

आम्ही सेलमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, कुठून कळलं? बिलबुकाच्या कोपऱ्यात तशी खूण करतो. तीन दिवसांत बोर्ड पाहून आलेली दोन माणसं निघाली. मागच्या वर्षी आम्ही स्वतः हाताने लावलेल्या थोड्याशा बोर्डांवरही याहून कितीतरी जास्त लोक आले होते. तिसऱ्या रात्री दुकान बंद केल्यावर मी ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहायला बसले.

सवलतीच्या आकड्यात जे शून्य होतं, त्याच्या पोटात एक काळा ठिपका होता. शाईचा असेल किंवा डांबराचा, बाजरीच्या दाण्याएवढा. पहिल्या फोटोत होता. दुसऱ्यातही होता, तिसऱ्यातही. आधी वाटलं, छपाईतच आला असेल, सगळ्याच बोर्डांवर असेल. पण मध्येच काही फोटोंत तो नव्हता. वही घेऊन मोजायला लागले. ११८ पैकी ७९ फोटोंत तोच ठिपका, तिथेच, आणि उजवा खालचा कोपराही तसाच दुमडलेला. एकच बोर्ड घेऊन तो माणूस गावभर फिरला होता. रोवायचा, फोटो काढायचा, उपटायचा, पुढे जायचं. फोटोवरची वेळ खरी होती, ठिकाणही खरं होतं. म्हणूनच त्या छापलेल्या वेळ-ठिकाणावर विसंबू नका असं मी कळकळीने सांगतेय. बोर्ड त्या क्षणी तिथे होता एवढंच फोटो सांगतो. पाच मिनिटांनी तो तिथे उरला का, हे फोटोला माहीत नसतं. (आणि ते आकडे खोटे छापायचीही सोय असते, ती वेगळी गोष्ट.)

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ आणि मी यादी घेऊन निघालो. चौकात पालथा पडलेला तो बोर्ड तेव्हाच सापडला. दुपारपर्यंत यादीतली एकूण एक जागा पाहून झाली. ३१ बोर्ड मिळाले, त्यातले १४ जमिनीवर पडलेले. ठिपकेवाला बोर्डही मिळाला, यादीतल्या अगदी शेवटच्या जागी. तिथे काम संपलं होतं, म्हणून तो तिथेच राहिला.

खरोखर लागलेल्या ४० पैकी बाकीच्या ९ बोर्डांचा पत्ता आठवड्याभराने लागला, तोही नोटिशीतून. सार्वजनिक जागेत विनापरवाना फलक लावल्याबद्दल दंड. नोटीस कंत्राटदाराला नाही, मला, कारण बोर्डावर नाव आणि फोन नंबर माझा. मी अंदाजपत्रकातली 'परवानगी शुल्क' ही ओळ घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे नोंदवही उघडून दाखवली. माझ्या नावाने अर्जच आलेला नव्हता. त्यांनी हेही सांगितलं की विजेच्या खांबांवर, झाडांवर आणि वळणावर समोरची वाहनं दिसू नयेत अशा ठिकाणी तर शुल्क भरूनही परवानगी मिळत नाही. आमचे दोन बोर्ड नेमके वळणावर होते. तिथे कुणाला अपघात झाला असता तर, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, म्हणून आपल्या इथले काय आहेत हे स्वतः जाऊन विचारा. परवानगी 'काढून देतो' म्हणणाऱ्याकडून तिची प्रत मागा, आणि ती हातात आल्याशिवाय एकही बोर्ड लावू देऊ नका.

मी त्याला फोन केला. पहिल्या दिवशी म्हणाला, बोर्ड चोरीला गेले असतील. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उडाले. मी ठिपक्याचं सांगितलं, तेव्हा फोन ठेवला. पैसे ज्या खात्यात गेले होते ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर होतं आणि बिलावरच्या पत्त्यावर तसलं दुकान नव्हतं. लेखी तक्रार दिली आहे, फोटो आणि मेसेज जोडले आहेत. अजून हाती काही आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही, ती सांगते. बोर्डावर त्याने क्यूआर कोड टाकून दिला होता. स्कॅन केला की आमच्या मालाचे फोटो आणि दुकानाचा रस्ता दिसायचा. मला तो इतका आवडला की मी तो पिशव्यांवर आणि दुकानाच्या दारावरही छापून घेतला. सेल संपल्यावर पंधरा दिवसांनी कोड उघडेना. त्याचं म्हणणं आलं की वर्षाची फी भरा. तो कोड थेट आमच्या पानावर जातच नव्हता. आधी त्याच्या खात्यातल्या दुव्यावर जायचा आणि तिथून आमच्याकडे वळायचा. दुवा त्याचा, म्हणजे चावी त्याची. उद्या तो तिथून दुसऱ्या दुकानाकडे वळवला असता तरी छापलेला कोड तसाच दिसला असता. सेलच्या काळात तो मला "सहाशे स्कॅन झाले ताई" असे आकडे पाठवत होता, तेही याच खात्यातले. एकाच माणसाने तोच दुवा पुन्हा पुन्हा उघडला तरी एकूण आकडा वाढत जातो. कोड स्वतःच्या खात्यातून बनवा, किंवा ज्यात थेट आपलाच पत्ता भरलेला आहे असा साधा कोड वापरा. तो बंद पडत नाही. छापायला देण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर स्कॅन करून आधी कुठला पत्ता उघडतो ते वाचा.

सेल वाया गेला. माल गोदामात पडून राहिला आणि दुकानात कामाला असलेल्या दोन मुलींना जास्तीचे दिवस देते म्हटलं होतं, ते मला देता आले नाहीत. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

या हंगामात आम्ही फक्त २५ बोर्ड केले. अर्धे पैसे आधी दिले. बोर्ड दुकानात आल्यावर एकेक मोजला, कोपरा नखाने खरवडून स्टिकर आहे का पाहिलं, नळ्या उभ्या आहेत का पाहिलं, आणि प्रत्येकाच्या मागे मार्करने १ ते २५ आकडे घातले. त्यानंतर उरलेले पैसे दिले. मजकूरही कमी केला. ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जाते, त्यात पाच-सहा शब्दांपलीकडे कुणी वाचू शकत नाही: सेल, तारीख, दुकान, बाण. लावायला आम्हीच गेलो आणि रस्त्याच्या कडेला एकही लावला नाही. ओळखीच्या लोकांच्या कुंपणाच्या आत, त्यांना विचारून लावले.

त्यातलं एक घर ओळखीचं नव्हतं. मागच्या वेळी त्या कंत्राटदाराने न विचारता तिथल्या आजींच्या फुलझाडांच्या वाफ्यात आमचा बोर्ड खुपसला होता आणि नाव माझं असल्यामुळे त्यांचा राग माझ्यावर होता. मी माफी मागायला गेले आणि सगळी हकीगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "यंदा लाव, पण वाफा सोडून. आणि संपलं की लगेच काढायचा." सेल संपला त्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन १७ नंबरचा बोर्ड काढला आणि तारेची दोन्ही भोकं मातीने बुजवली.