क्रोशा शिकू की कुंड्या लावू?

धाकट्या जावेने परवा विचारलं, ताई, संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून काहीतरी करायचंय, क्रोशा शिकू की बाल्कनीत कुंड्या लावू? मी दोन्ही करते म्हणून सांगते.

खर्चात क्रोशा स्वस्त, एक सुई आणि दोऱ्याचे दोन गुंडे, झालं. कुंड्यांना माती, शेणखत लागतं आणि नर्सरीत गेलं की एका रोपावर भागत नाही. मेथी मात्र घरच्या दाण्यांतून होते, रात्री भिजवून पेरले की 3-4 दिवसांत कोंब दिसतात.

मन लागण्याचं म्हणाल तर क्रोशात टाके मोजावेच लागतात, जरा लक्ष उडालं की एक खांब (म्हणजे उंच टाका) कमी पडतो आणि रुमाल एका बाजूने ओढला जातो. पण दोरा ओढला की सगळं उसवतं, परत सुरू करता येतं, हे मला फार आवडतं. झाडाचं तसं नाही, जास्त पाण्याने मुळं कुजली की गेलं ते. तरी उन्हाळ्यात सकाळी मोगऱ्याला पाणी घालताना कालची कळी आज केवढी झाली ते बघत मी उभीच राहते, गॅसवर चहा उकळत असतो!

गावाला गेलं की क्रोशा पिशवीत येतो, कुंड्या शेजारच्या काकूंवर.

म्हणून प्रवास फार, बाल्कनीत ऊन नाही, रात्रीच वेळ मिळतो त्यांनी क्रोशा घ्यावा. सकाळची 15 मिनिटं रोज मिळत असतील, घरात लहान मुलं असतील तर कुंड्याच. जावेला मी मेथीच पेरायला सांगितली, तिची लेक 4 वर्षांची आहे.