शाळावाटप: ‘लगेच प्रवेश’ की ‘तात्पुरता प्रवेश’?

पसंतीक्रम भरताना पालकांचा हात एकाच प्रश्नावर थबकतो: मनातली शाळा पहिली लिहू, की मिळण्यासारखी?

‘लगेच प्रवेश’ पद्धतीत शाळा आधी पहिली पसंती देणाऱ्यांनाच घेते, आणि ती जागा कायमची. समजा, तुमची पहिली शाळा हुकली. दुसऱ्या शाळेत तुमचा अग्रक्रम (शाळेने मुलांचा लावलेला क्रम) कितीही वरचा असो, ती तोवर भरलेली असू शकते. म्हणजे खरं लिहिल्याची शिक्षाच. माहितगार पालक आडाखे बांधून सुटतात, बाकीच्यांची मुलं मागे राहतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने 2005मध्ये ही पद्धत सोडली ती याच कारणाने.

गणितज्ञ गेल आणि शॅप्ली यांनी 1962मध्ये मांडलेल्या ‘तात्पुरता प्रवेश’ पद्धतीत जागा शेवटपर्यंत तात्पुरती असते. वरच्या अग्रक्रमाचं मूल आलं की आधीचं मूल आपल्या पुढच्या पसंतीकडे जातं, आणि तिथे त्याचा हक्क शाबूत असतो. त्यामुळे खरा क्रम लिहिण्यात तोटा नाही. (यादीला मर्यादा नको, एवढंच, मोजक्याच शाळा लिहायच्या म्हटलं की आडाखे परत सुरू.) माझं मत हिलाच.

उणीव एक आहे. कधी कधी दोन मुलांनी जागा बदलून घेतल्या तर दोघंही खूश होतील, पण तिसऱ्या कुणाचा अग्रक्रम डावलला जातो म्हणून ते होत नाही.