मध्यम बजेटचं अचूक ऑटोमॅटिक डायव्हर: सेकंदाला ६ ठोके की ८?

अचूक वेळच हवी असेल तर सरळ क्वार्ट्झ (सेलवर चालणारं घड्याळ) घ्या, असं सांगणारे भेटतीलच, आणि त्यांचं खरंही आहे. पण ते सगळं माहीत असूनही तुम्हाला मेकॅनिकलच, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी भरली जाणारं घड्याळ हवंय, तेही डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं, आणि खिशाला फार मोठं भोक पाडायचं नाही, असं धरून लिहितोय. २०० मीटरपर्यंत पाणीरोधकता, एकाच दिशेला फिरणारी बेझल (काचेभोवतीचं खुणांचं कडं), स्क्रू-डाउन क्राउन (आट्यांनी घट्ट बसणारी बाजूची घुंडी), सफायर काच हे या वर्गात आता बहुतेक जण देतात. खरा फरक आतल्या मशीनचा आहे, आणि अचूकतेचा प्रश्न तिथेच अडतो.

या किमतीतली मशीन ढोबळमानाने दोन घराण्यांत बसतात. एक तासाला २१,६०० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला ६. (ठोका म्हणजे बॅलन्स व्हीलचा, आतल्या झुलत्या चाकाचा, एक झोका.) सेइकोची ४आर आणि ६आर ही कॅलिबर (मशीनची मॉडेल) यातली, आणि टिसो सीस्टार, सर्टिना डीएस अ‍ॅक्शन, मिडो ओशन स्टार यांत बसणारं पॉवरमॅटिक ८० सुद्धा. दुसरं घराणं २८,८०० चं, सेकंदाला ८ ठोके: सेलिटा एसडब्ल्यू२००, जुनं एटा २८२४, मियोटाची ९००० मालिका आणि सिटिझनच्या मेकॅनिकल प्रोमास्टरमधलं ९०५१. पहिल्या घराण्याचा दिमाख पॉवर रिझर्व्हमध्ये आहे, म्हणजे पूर्ण चावी भरल्यावर काढून ठेवलं तरी किती तास चालतं त्यात. ६आर३५ चा ७० तास, पॉवरमॅटिकचा नावाप्रमाणे ८०. (४आर३६ मात्र ४१ तासांवरच थांबतं.) दुसरं घराणं ३८ ते ४२ तासांतच दमतं.

डायव्हरमध्ये पाच-दहा सेकंदांची एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. पाण्याखाली त्यांना काही अर्थ नाही. तिथे बेझल आणि मिनिटकाटा पुरतो. माझं कारण वेगळं आहे. डायव्हरची वेळ लावायची म्हणजे दर वेळी क्राउन उघडायचा, ओढायचा, काटे फिरवायचे, परत दाबून आटे बसवायचे. आट्यांची आणि गॅस्केटची (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीची) झीज त्यातच होते, आणि क्राउन अर्धवट बसला तर २०० मीटरचा आकडा तबकडीपुरताच उरतो. त्यामुळे ज्या घड्याळाचा क्राउन महिनोन्‌महिने उघडावा लागत नाही, ते माझ्या लेखी अचूक डायव्हर.

आता कागदावरचे आकडे. सेइको ६आर३५ साठी दिवसाला −१५ ते +२५ सेकंद सांगते, ४आर३६ साठी −३५ ते +४५. मियोटा ९०१५ साठी −१० ते +३०, सिटिझन ९०५१ साठी −१० ते +२०. एटा २८२४ च्या वेगवेगळ्या श्रेणी असायच्या: स्टँडर्ड दोन पोझिशनमध्ये (घड्याळ आडवं-उभं ठेवायच्या स्थितींत) चाल लावलेलं, साधारण ±१२ ची सरासरी धरून, एलाबोरे तीन पोझिशनमध्ये ±७, टॉप पाचांत ±४. सेलिटातही अशाच श्रेणी आहेत. हे आकडे वाचून लगेच निकाल देऊ नये. सेइको वापरणारे आपल्या ६आरबद्दल दिवसाला ५ सेकंदांच्या आत चालतं म्हणून खुशीत असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. कंपनी फक्त एवढंच म्हणते की याच्या बाहेर गेलं तर आमच्याकडे या.

माझी अडचण सरासरीची नव्हतीच. माझ्याकडे आधी ६ ठोक्यांचं एक डायव्हर होतं. कुठलं ते लिहीत नाही, कारण ते जाहीर केलेल्या मर्यादेतच चालायचं आणि त्याच मॉडेलचं दुसरं घड्याळ माझ्याहून सरळ निघू शकतं. आठवड्याची गोळाबेरीज केली तर काटा जवळजवळ जागेवर. कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगावं असा हिशोब. पण रोजचं गणित निराळं होतं. दिवसभर मनगटावर ते काही सेकंद मागे पडायचं आणि रात्री तबकडी वर करून ठेवलं की सगळं भरून काढून वर थोडं पुढे जायचं. सुट्टीच्या दिवशी घातलंच नाही, टेबलावर आडवं पडून राहिलं, की दुसऱ्या दिवशी चांगलंच पुढे. क्राउन वर करून उभं ठेवलं की मागे.

हे असं का होतं ते उघड आहे. घड्याळ आडवं असताना बॅलन्स व्हील आपल्या पिव्होटच्या (आसाच्या बारीक टोकाच्या) टोकावर उभं असतं, घर्षण कमी, झोका मोठा. उभं केलं की पिव्होटच्या कडा घासतात आणि झोका आखडतो. चाकाच्या वजनात तिळभर असमतोल असेल किंवा हेअरस्प्रिंग (चाकाला झुलवणारी बारीक स्प्रिंग) नेमकी मध्यात नसेल, तर तो दोष उभ्या स्थितीतच बाहेर पडतो. प्रत्येक मेकॅनिकल घड्याळात हे थोडंफार असतंच. किती, एवढाच प्रश्न.

जाणकार यावर एक युक्ती सांगतात, आणि ती चालते. घड्याळ पुढे गेलं असेल तर ज्या स्थितीत ते मागे पडतं त्या स्थितीत रात्री ठेवा. मागे असेल तर उलट. क्राउन उघडायची गरज नाही. सुरुवातीला याची मजा वाटते, मशीनचा स्वभाव ओळखल्यासारखं वाटतं. मग हळूहळू असं व्हायला लागलं की झोपायला जाताना मी मोबाइलवरची वेळ बघतोय, काटा ताडतोय, आज तुला आडवं निजवू की उशाशी टेकवून उभं, हा विचार करतोय. टेकवलेलं घड्याळ रात्री घसरून आडवं व्हायचं आणि सकाळी हिशोब पुन्हा बिघडलेला. घरच्यांच्या नजरेतलं कौतुक केव्हाच संपलं होतं. घड्याळ माझी वेळ सांभाळण्याऐवजी मी त्याची सांभाळतोय, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करणारा आतला दांडा) फिरवून घे, असा सल्ला मिळाला. इथे बरेच जण गल्लत करतात. रेग्युलेटरचा दांडा सरकवला की सगळ्या स्थितींतली चाल एकदमच पुढे किंवा मागे सरकते. दोन स्थितींमधलं अंतर तेवढंच राहतं. आडवं +१० आणि उभं −६ असेल, तर ते +८ आणि −८ करता येईल, पण मधले १६ सेकंद कुठे जात नाहीत. ते कमी करायला चाकाचा समतोल, हेअरस्प्रिंगचा आकार यांत हात घालावा लागतो, आणि या किमतीच्या घड्याळात तेवढी मजुरी घालणं परवडत नाही. म्हणून मी तरी म्हणेन, विकत घेताना सरासरी बघू नका, पसारा, म्हणजे वेगवेगळ्या स्थितींतल्या चालींमधलं अंतर, बघा. सरासरी चांगला घड्याळजी थोड्या वेळात जुळवून देतो. पसारा तुमच्यासोबत कायम राहतो. आणि नेमका हाच आकडा कुठल्या माहितीपत्रकात सहसा छापलेला नसतो.

सध्या हातावर आहे ते सेलिटाचं, वरच्या श्रेणीतलं. नवीन असताना ते रोज ठरावीक सेकंद पुढे जायचं, पण अगदी इमानाने तेवढंच: घातलं काय, टेबलावर ठेवलं काय. घड्याळजीने दांडा किंचित सरकवला आणि विषय संपला. कसं ठेवलंय याचा मी आता विचारही करत नाही. याचं सगळं श्रेय ८ ठोक्यांना देणं बरोबर होणार नाही. वेगाने झुलणारं चाक मनगटाच्या हिसक्यांतून लवकर सावरतं हे खरं, पण किती पोझिशनमध्ये लावलंय याचा वाटा त्याहून मोठा असावा, असं मला वाटतं. उलट दाखलाही आहे: मिडोच्या ओशन स्टार ६०० क्रोनोमीटरमध्ये ६ ठोक्यांचंच मशीन आहे, सिलिकॉनची हेअरस्प्रिंग घालून सीओएससी या स्विस तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळवलेलं.

सीओएससीचा विषय निघालाच आहे तर: १५ दिवस, ५ पोझिशन, ८, २३ आणि ३८ अंश अशी ३ तापमानं, आणि सरासरी −४ ते +६. सगळे एवढंच सांगतात. मला त्यातला दुसरा निकष जास्त मोलाचा वाटतो: आडव्या आणि उभ्या स्थितीतला फरक −६ ते +८ च्या आत असावा लागतो. पसाऱ्यावर कुणीतरी अधिकृत बोट ठेवलंय ते इथे. बजेट तेवढं ताणत असेल तर जरूर ताणा. फक्त तपासणी होते ती केसमध्ये न बसवलेल्या मशीनची, हे ध्यानात असू द्या.

पॉवर रिझर्व्हबाबत मात्र पहिल्या घराण्याला पूर्ण गुण. शुक्रवारी रात्री ८ ला काढून ठेवलेलं ३८ तासांचं घड्याळ रविवारी सकाळी १० च्या सुमाराला थांबतं; ८० तासांचं सोमवारभर चालत राहतं. घड्याळं आलटूनपालटून घालणाऱ्याला हे फार सोयीचं. थांबलेलं घड्याळ म्हणजे परत क्राउन उघडणं, आणि मग माझा वरचा सगळा युक्तिवाद माझ्याच अंगावर येतो. मी एकच घड्याळ घालतो, म्हणून माझ्यापुरता तो टिकतो. पॉवरमॅटिकबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी: त्यात नेहमीचा रेग्युलेटर नसतो, कारखान्यातच लेझरने चाल लावलेली असते. ती सरळ निघाली तर उत्तमच, कारण धक्क्याने सरकायला दांडाच नाही. पण कोपऱ्यावरच्या घड्याळजीला त्यात सहज काही करता येत नाही.

दुसऱ्या घराण्यातही कुरकुरीला जागा आहे. मियोटा ९०१५ चा रोटर (आतलं फिरतं वजन) एकाच दिशेने चावी भरतो आणि उलट दिशेला मोकळा भिरभिरतो, तो हाताला जाणवतो, शांत खोलीत ऐकूही येतो. काहींना हे खपत नाही. चुंबकाची भीती असेल तर सिटिझनच्या ९०५१ कडे बघा: त्या घड्याळाला १६,००० अँपिअर प्रति मीटरपर्यंत संरक्षण आहे, तर डायव्हरच्या आयएसओ ६४२५ मानकात ४,८०० पुरतात. स्पीकर आणि मोबाइलची कव्हरं यांच्या संगतीत दिवस काढणाऱ्याला हा फरक उपयोगी पडू शकतो. टायटॅनियमचं हलकं घड्याळ आवडत असेल तर त्याचा विचार माझ्या सेलिटाच्याही आधी करा.

वेळ लावण्याबद्दल थोडं, कारण अचूकतेच्या निम्म्या तक्रारी इथून येतात. सेकंदकाटा १२ वर थांबवून मिनिटकाटा खुणेवर आणला आणि क्राउन दाबला की बऱ्याच मशीनमध्ये मिनिटकाटा किंचित उडी मारतो, किंवा चाकांमधली ढील संपेपर्यंत जागचा हलत नाही. मग सेकंद बरोबर आणि मिनिटकाटा दोन रेघांच्या मध्ये. डायव्हरमध्ये हे जास्त खुपतं, कारण बेझलचा त्रिकोण आपण याच काट्याशी जुळवतो. उपाय: काटा पाच-सात मिनिटं पुढे नेऊन हळूच मागे आणत खुणेवर टेकवा. काही मशीनना उलटं मानवतं. एकदोनदा करून बघितलं की कळतं. दोन्ही घराण्यांत हे आहे, त्यामुळे तराजू इथे हलत नाही.

घड्याळं दोन-तीन असतील, आठवडाभर एकच घालायचा नेम नसेल आणि दहा-पंधरा सेकंदांनी झोप उडत नसेल, तर ७०-८० तासांचं मशीन निवडा. पैशाच्या मानाने त्यात फिनिशिंगही बहुधा बरं मिळतं. रोज एकच घालणार असाल तर ८ ठोक्यांचं, रेग्युलेटर असलेलं, आणि श्रेणी विचारून घेतलेलं. नुसतं ‘सेलिटा आहे’ हे उत्तर पुरेसं धरू नका. दुकानात टाइमग्राफर (चाल मोजणारं यंत्र) असेल तर तबकडी वर, क्राउन वर आणि क्राउन खाली अशा निदान तीन स्थितींतले आकडे मागा. त्यांच्यातलं अंतर एक आकडी असेल तर सरासरी कितीही असो, मी ते घेईन. थोडे आठवडे वापरून चाल स्थिरावू द्या आणि मगच जुळवायला द्या. मागचं झाकण उघडलं की गॅस्केटचा भरवसा संपतो, तेव्हा दाबाची चाचणी करून देणारा घड्याळजीच शोधा. ती सोय नसेल आणि घड्याळ पोहायला न्यायचं असेल, तर दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जाणारं मशीन न उघडलेलंच बरं.