ठाण्यात घर: नौपाड्यातलं जुनं की घोडबंदरचं नवं?

बजेट तेच, पण घरं अगदीच वेगळी. नौपाड्यात तीन मजली बिल्डिंगमधला वन बीएचके, लिफ्ट नाही, जिन्याच्या भिंतीला ओल, पार्किंग म्हणजे रस्त्यावर जिथे मिळेल तिथे, पण स्टेशन चालत, राम मारुती रोड, गडकरी रंगायतन सगळं हाताशी आणि आईबाबांना रिक्षावाल्याची मनधरणी नको. घोडबंदरला त्याच पैशात जास्त कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), क्लबहाऊस वगैरे, खिडकीतून येऊरचे डोंगर (समोर टॉवर उभा राहीपर्यंत!) आणि सकाळी स्टेशन गाठायचं म्हणजे कंटेनरच्या मागे रांगेत. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ ने फरक पडेलही, पण पाण्याचे टँकर किती येतात ते सेल्सवाल्याला नाही, वॉचमनला विचारा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला साधारण ५% जीएसटी, रीसेलला तो नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे भरायचीच. जुन्या घराचा खरा जुगार रीडेव्हलपमेंटचा: जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतरण) सोसायटीच्या नावावर झालंय का ते आधी बघा, नाहीतर "पुढच्या वर्षी पाडणारच" ऐकत केस पिकतील. मी तरी नौपाडाच घेईन, पण कागद क्लिअर असतील आणि पहिला मजला मिळाला तरच.