मेंदूतील संसर्ग स्कॅनवर ओळखण्यासाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : माझा अभिप्राय

मेंदू आणि मज्जारज्जूचे संसर्ग एमआरआयवर कसे ओळखावेत, हे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. रेडिओलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनी तो जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी.

सर्वांत उत्तम उतरला आहे तो गळवाचा भाग. कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उजळ दिसणारे, शिरेतून दिले जाणारे औषध) दिल्यावर कडेने कड्यासारखी उजळणारी गाठ दिसली, की ती गळू आहे की मध्यभाग मृत झालेला ट्यूमर, हा प्रश्न रोजच्या कामात पडतोच. इथे प्रत्येक रुग्णाची डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवर आधारलेले एमआरआय चित्र) आणि एडीसी (त्याच हालचालीचे मोजमाप दाखवणारे चित्र) ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. दाट पुवात पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, म्हणून गळवाचा मध्यभाग डिफ्यूजनवर पांढराशुभ्र आणि एडीसीवर काळा दिसतो. ट्यूमरच्या मृत भागात बहुधा तसे होत नाही. हे मी अनेकदा वाचले होते, परंतु स्वतः स्कॅनचा एकेक काप सरकवत गेल्यावर व्हेंट्रिकलकडच्या (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीकडच्या) बाजूला गळवाची भिंत पातळ होत गेलेली दिसली आणि पू नेमका तिकडेच का फुटतो, हे मनात पक्के बसले. क्षयाच्या आणि टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी हा नियम पुष्कळदा पाळत नाहीत, हेही शिक्षकांनी आवर्जून सांगितले आहे.

सिस्टिसर्कोसिसच्या (मेंदूत पट्टकृमीच्या अळ्यांच्या पुटी होणाऱ्या संसर्गाच्या) चारही अवस्था नीट मांडल्या आहेत. पुटीच्या आत ठिपक्यासारखे दिसणारे कृमीचे डोके शोधण्याचा सराव तर फारच उपयोगी आहे.

उणीव आहे ती हर्पिस एन्सेफलायटिसच्या (हर्पिस विषाणूमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेच्या) प्रकरणात. टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा) आतला भाग आणि इन्सुला (त्यालगतचा, खोल घडीत दडलेला भाग) ठळकपणे सुजलेले, बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातील केंद्रे) मात्र वाचलेले, अशी पूर्ण विकसित चित्रेच त्यात आहेत. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दिवसांत सिटी स्कॅन अगदी सामान्य असू शकतो. ताप आणि असंबद्ध बोलणे असलेल्या एका रुग्णाच्या एमआरआयवर इन्सुलाच्या कडेची पुसटशी उजळ रेघ माझ्या नजरेतून जवळजवळ सुटली होती. सुदैवाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध आधीच सुरू केले होते. अशी पुसट, फसवी चित्रेच शिकणाऱ्याला सर्वाधिक हवी असतात. मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांना सूज आल्यास) स्कॅन अनेकदा निर्दोष दिसतो आणि निदान पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीवर ठरते, या महत्त्वाच्या गोष्टीला तर जेमतेम एक वाक्य मिळाले आहे. मज्जारज्जूचा भागही घाईत उरकला आहे.

अभ्यासक्रम मोबाइलवर करू नये. छोट्या पडद्यावर एडीसीमधील करड्या छटांचा फरक कळत नाही, आणि या शिक्षणाचा निम्मा जीव त्या छटांतच आहे.